उर्फ

आमच्या आजीची नावं तीन. माहेरी एक, लग्नानंतर आजोबांनी ठेवलेलं दुसरं आणि गावात सगळे हाक मारत ते तिसरं. तिच्या वाट्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कुणा शहाण्या तलाठ्याने माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहून मध्ये 'उर्फ' घातलं होतं. ती गेल्यावर वारसनोंद करायची वेळ आली तेव्हा त्या एका शब्दाची किंमत कळली. आमच्याच एका नातलगांकडे तो शब्द नव्हता. ही बाई आणि ती बाई एकच, हे सिद्ध करायला त्यांना वर्षभर कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

हे आज आठवायचं कारण म्हणजे भाचीचा फोन. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, पायथॉन शिकतेय. "मामा, मी अ ला हातसुद्धा लावला नाही, मग तो बदलला कसा?" प्रकार असा. तिने अ नावाची यादी केली, त्यात १, २, ३. मग लिहिलं ब = अ. मग ब मध्ये ४ घातला. आणि अ छापून पाहिला तर त्यातही ४! दोन तास ती स्वतःची चूक शोधत होती. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, व्हेरिएबल म्हणजे डबा. एका डब्यातली साखर दुसऱ्यात ओतली आणि दुसऱ्यात आणखी चमचाभर घातली, तर पहिल्यातली कशी वाढेल?

मी आधी हसलो. मग हसू आवरलं, कारण याच चुकीपायी २०१४ च्या सप्टेंबरात आमच्या बाबांना भर सभेत मान खाली घालावी लागली होती, आणि ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. घरातल्या मंडळींना त्या सभेचं अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं आज लिहितो. मध्ये थोडं तांत्रिक येईल, कंटाळा आला तर गाळा. (मावशी, तू गाळू नकोस. तुझाच या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज आहे.)

आधी भाचीचं उत्तर. पायथॉनमध्ये नाव म्हणजे डबा नाहीच, नाव म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. ब = अ म्हटलं की नवा डबा येत नाही, त्याच डब्यावर दुसरी चिठ्ठी लागते. मग या चिठ्ठीच्या नावाने उघडा की त्या, आतला माल एकच. याला कंपायलरवाले एलियासिंग म्हणतात, म्हणजे आपलं साधं उर्फ. गंमत अशी की सुरुवातीचा महिनाभर हे कळतच नाही. कारण मुलं आधी आकड्यांवर शिकतात, आणि आकडा आतून बदलता येत नाही. ५ चे ६ होत नाहीत, चिठ्ठी ५ वरून काढून ६ वर लावली जाते, एवढंच. म्हणजे डब्याचं चित्र चुकीचं असूनही उत्तरं बरोबर येत राहतात. याद्या आल्या की एकदम पायाखालची फळी निसटते.

आता माझी गोष्ट. २००९ मध्ये मला स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा लिहायची हौस आली. कॉलेजात ढमढेरे सरांच्या सिस्टिम्स प्रोग्रामिंगच्या पुस्तकावर पास झालो होतो, तेवढ्या भांडवलावर. तिचं नाव 'पाटी'. देवनागरी नावं चालणारी, सी मध्ये लिहिलेली, चारेक हजार ओळींची. कंपायलर प्रत्येक नावाला एक खण द्यायचा आणि नाव व खणाचा क्रमांक एका तक्त्यात टिपून ठेवायचा. खण सोळा बाइटांचा, अर्ध्यात मालाचा प्रकार आणि अर्ध्यात माल. अ = ब दिसलं की कंपायलर दोनच सूचना लिहायचा: ब च्या खणातलं उचल, अ च्या खणात ठेव. आकडा असला तर आकडा उचलला जाई. पण यादी काही आठ बाइटांत मावत नाही, म्हणून तिच्या खणात तिचा नुसता पत्ता असे. तर पत्ता उचलला जाई. त्याच दोन सूचना, तेच चिन्ह, आणि अर्थ मात्र दोन. आकड्यांची नक्कल व्हायची, याद्यांचं उर्फ व्हायचं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. जावा तसंच करते, जावास्क्रिप्ट तसंच करते, मग पाटीने केलं तर काय बिघडलं, असं म्हणून मी पुढे गेलो. खरं कारण आळस. वेगळं काही करायचं तर कोड वाढला असता.

बाबा तेव्हा आमच्या सोसायटीचे खजिनदार होते, सलग आठ वर्षं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, कीर्द-खतावणी हाताने लिहिणारा, खाडाखोड करायची तर एक रेघ मारून वर नवा आकडा आणि शेजारी सही. ४८ फ्लॅट. त्यांच्या मागे लागून लागून मी हिशेब कंप्युटरवर आणला, आणि हौसेने पाटीत लिहिला. त्या प्रोग्रामची दुसरीच ओळ होती: नवी = जुनी. गेल्या वर्षअखेरची थकबाकीची यादी घ्यायची, तिचीच नवी यादी करायची, वर्षभरातल्या पावत्या नव्या यादीतून वळत्या करायच्या. बाबा त्यांच्या वहीत दर वर्षी हेच करत: मागील पानावरून पुढे. फरक एवढाच, की ते पुढच्या पानावर आकडा नव्याने शाईने लिहीत, मागचं पान जिथल्या तिथे राही.

माझ्या प्रोग्राममध्ये मागचं पानच नव्हतं. नवीतून रक्कम वळती केली की जुनीतूनही जाई. आणि थकबाकीवरचं २१ टक्के सरळ व्याज मी शेवटी, 'जुनी'वरून काढत होतो.

बाबांच्या सकाळच्या फिरण्यातले एक दोस्त होते. ३१ मार्च २०१३ ला त्यांच्याकडे २२,४०० रुपये थकले होते, ते त्यांनी नोव्हेंबरअखेर चेकने भरले. आठ महिन्यांचं व्याज ३,१३६ रुपये. प्रोग्रामने लावलं शून्य. शिवाय सभेपूर्वी एका सभासदाने गेल्या वर्षअखेरची थकबाकीदारांची यादी मागितली, ती मीच छापून दिली. तिच्यात या दोस्तांच्या नावापुढे ३१ मार्च २०१३ या तारखेला शून्य! त्या सभासदाने आदल्या वर्षीचा छापील अहवाल जपून ठेवला होता. सभेत दोन्ही कागद वर धरून त्यांनी विचारलं, मागच्या तारखेचे आकडे कुणी बदलले, आणि ते नेमके खजिनदारांच्या मित्राचेच कसे बदलले?

त्यांचं काय चुकलं? काही नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं.

बाबांनी घरून खतावणी मागवली. तिच्यात २२,४०० नीट होते, म्हणजे वही स्वच्छ होती. पण व्याजाची आकडेमोड त्या वर्षी त्यांनी माझ्या भरवशावर सोडली होती, तिथे वहीत काहीच नव्हतं. मी मागच्या खुर्चीवरून उठून सांगायला गेलो की ही प्रोग्रामची चूक आहे, तर त्यांनी हातानेच मला बसवलं. "आकडे माझ्या सहीने गेलेत. चूक माझी. दुरुस्त करून देतो." पंधरा दिवसांत सगळी बिलं हाताने तपासून दिली आणि राजीनामा दिला. दोस्तांनी ३,१३६ रुपये दुसऱ्याच दिवशी भरले, पण कितीतरी महिने ते फिरायला दुसऱ्या रस्त्याने जात असत.

तेव्हा मावशी, बाबांनी कंटाळून पद सोडलं ही घरातली अधिकृत कथा आहे. खरं हे असं आहे.

आता माझं मत, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. या धंद्यातली माणसं म्हणतात, यात भाषेचा काय दोष, प्रोग्रामरला आपली भाषा यायला हवी. मला हे पटत नाही. एकाच चिन्हाने 'याची नक्कल कर' आणि 'याला आणखी एक नाव दे' ही दोन्ही कामं करायची, कुठलं होणार ते आतल्या मालावर ठरायचं, आणि वाचणाऱ्याला त्या ओळीत काहीच दिसायचं नाही, हा भाषा रचणाऱ्याचा दोष आहे. तलाठ्याला जे कळतं ते आम्हाला कळू नये? दोन नावं एका वस्तूची असतील तर तसं लिहा. उर्फ लिहा.

मुळात त्या बरोबरच्या चिन्हाची कुळकथाच नीट नाही. कोनराड त्सूझ याने १९४० च्या दशकात जर्मनीत आपली भाषा कागदावर मांडली तेव्हा त्याने बाण वापरला होता, डावीकडून उजवीकडे, हे तिकडे जातं. १९५७ च्या फोरट्रानने = घेतलं. १९५८ च्या अल्गोलने := घेतलं, म्हणजे निदान हे गणितातलं बरोबर नव्हे एवढं तरी दिसे. मग केन थॉम्पसनने बी भाषेत पुन्हा नुसतं = आणलं, कारण किंमत ठेवण्याचं काम तुलनेपेक्षा जास्त वेळा करावं लागतं, तर त्याला छोटं चिन्ह बरं. तिथून ते सी मध्ये आलं आणि सी मधून जगात. एक अक्षर वाचवण्याचा हा हिशेब टेलिटाइपच्या काळात ठीक होता. पण त्या चिन्हाच्या पोटात पुढे काय काय भरलं ते बघा. पीएचपीत तर पाचव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत, ऑब्जेक्टचीही नक्कल होत असे. पाचव्यात त्याच ओळीचा अर्थ उर्फ झाला. लिहिलेलं अक्षर तेच, अर्थ बदलला.

नावानिशी वेगळं करणारे लोकही आहेत. राकू (२०१९ पर्यंत तिला पर्ल ६ म्हणत) या भाषेत = म्हणजे डब्यात घाल आणि := म्हणजे चिठ्ठी लाव, ही दोन कामं उघड वेगळी आहेत. भाषा फारशी चालली नाही, पण ही एक गोष्ट तिने बरोबर केली असं माझं मत आहे.

सभेनंतर पाटी दुरुस्त करायला बसलो. पहिला उपाय सोपा वाटला: = दिसलं आणि माल यादीचा असला की नवी यादी कर, आतलं सगळं उतरव. केलं. चालवलं. जुनी पुन्हा बदलली! कारण माझ्या यादीत प्रत्येक फ्लॅट ही पुन्हा एक छोटी यादी होती, नाव, क्षेत्रफळ, थकबाकी अशी. मी बाहेरची यादी नवी केली, पण तिच्यात उतरवले ते आतल्या याद्यांचे पत्तेच. वाडा नवीन बांधला, बिऱ्हाडं जुनीच.

पूर्ण खोलवर नक्कल करावी तर ती महाग. साधं एखाद्या कामाला यादी वाचायला दिली तरी हजारो ओळी उतरवायच्या, आणि बहुतेक वेळा कुणी त्यात काही बदलतही नाही. शेवटी केलं ते असं: प्रत्येक यादीच्या कपाळावर एक मोजणी, तिच्याकडे किती जण बोट दाखवतायत त्याची. नवी = जुनी म्हटलं की नक्कल होत नाही, फक्त मोजणी एकाने वाढते. जेव्हा कुणी लिहायला जातो तेव्हा आधी मोजणी पाहायची. एकाहून जास्त असेल तर आपली वेगळी प्रत काढायची आणि त्या प्रतीत लिहायचं. आतल्या यादीत लिहायचं असेल तर बाहेरपासून आतपर्यंत वाटेतल्या प्रत्येक पायरीवर हीच तपासणी. यात शोध माझा काही नाही. पीएचपीच्या आणि स्विफ्टच्या ॲरे अशाच चालतात. आणि फुकटही नाही: कुठल्या ओळीत अचानक मोठी नक्कल होऊन प्रोग्राम अडखळेल ते वाचून कळत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. पण हिशेब हळू झाला तर बाबांना सभेत कुणी उभं करत नाही.

आणि खरंच दोन नावं हवी असतील तर? हवी असतातच, सगळं उर्फ हद्दपार करा असं मी म्हणत नाही. तर पाटीत तो शब्दच घातला: 'दर उर्फ भाडे'. हे लिहिताना फार आनंद झाला, कारण याला एकही सूचना लागत नाही. कंपायलर तक्त्यात 'दर'पुढे 'भाडे'च्याच खणाचा क्रमांक लिहितो आणि गप्प बसतो. काम शून्य.

आनंद दोन दिवस टिकला. पाटीत मी एक छोटी हुशारी घातली होती: भाडे = ५०० असं दिसलं तर पुढे जिथे जिथे 'भाडे' येईल तिथे कंपायलरने थेट ५०० लिहून टाकायचे, खण उघडायचा त्रास नको. मध्ये कुणी दर = ६०० केलं. कंपायलरच्या वहीत 'दर'ची नोंद बदलली, 'भाडे'ची तशीच राहिली, आणि त्याने मुकाट्याने ५०० छापले. नोंद नावावर ठेवत होतो, खणावर ठेवायला हवी होती. म्हणजे माणसाला फसवणाऱ्या उर्फने आता कंपायलरलाही फसवलं!

आणि ही तर सोपी गोष्ट, कारण माझं उर्फ लिहिलेलं होतं. सी मध्ये ते लिहिलेलं नसतं. समजा दोन पत्ते हातात आले. पहिल्या पत्त्यावर १० ठेवले, दुसऱ्यावर २० ठेवले. आता पहिल्यावर किती? दहा म्हणायचा मोह होतो. पण दोन्ही पत्ते एकाच घराचे असतील तर वीस. कंपायलरला शपथेवर दहा सांगता येत नाही, म्हणून तो पुन्हा जाऊन घर उघडून बघतो. दर वेळी. फोरट्रानने नियमच घातला की कामाला दिलेल्या दोन वस्तूंपैकी एक जरी बदलायची असेल तर त्या दोन्ही एकच असता कामा नयेत. तसं केलंत तर तुमचं नशीब. म्हणून आकडेमोडीत म्हातारा फोरट्रान कित्येक वर्षं सी च्या पुढे पळत होता. सी च्या समितीने १९८० च्या दशकात noalias नाही, देवनागरीत लिहितो, 'नोएलियास' नावाचा शब्द आणायचा घाट घातला होता, तर सी चा जनक डेनिस रिची याने १९८८ मध्ये कडक शब्दांत विरोध करून तो पाडला. पुढे १९९९ च्या सी मध्ये 'रिस्ट्रिक्ट' आला, त्याचा अर्थ पुन्हा प्रोग्रामरने दिलेलं वचन, एवढाच. वचन खोटं निघालं तर जबाबदारी कुणाची ते आलंच. दोन नावं एकाच वस्तूची आहेत का, हे प्रोग्राम न चालवता प्रत्येक वेळी अचूक सांगणं तर अशक्यच आहे; तसं रामलिंगम यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलं. आपल्या पवईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं याच अंदाजाच्या कामात गढलेले, तेव्हा विषय किती खोल ते बघा.

रस्ट या भाषेने मात्र (पहिली पक्की आवृत्ती २०१५) मला आवडेल असा कडकपणा केला. वाचायला हवी तेवढी नावं द्या, पण लिहिणारा असेल तर तो एकटा, त्या वेळी दुसरं नाव चालणार नाही, आणि हे कंपायलर तपासणार. माझी ती नवी-जुनीची ओळ रस्टमध्ये अशीच्या अशी चाललीच नसती, कंपायलरने तिथेच हात धरला असता. यातही एक मजा आहे. ही हमी मिळाली म्हणून रस्टवाल्यांनी ती खालच्या एलएलव्हीएम यंत्रणेला कळवायला सुरुवात केली, तर तिथे दडलेल्या चुका बाहेर पडू लागल्या, कारण सी वाले ते वचन इतकं क्वचित देत की तो रस्ता कुणी तुडवलाच नव्हता. बंद करा, चालू करा, पुन्हा बंद करा, असं होत होत २०२१ मध्ये ते कायमचं चालू झालं.

असो. दुरुस्त झालेली पाटी मी बाबांना दाखवली होती. त्यांनी चष्मा लावून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या त्या बरोबरच्या चिन्हाचा अर्थ तू ठरवलास?" म्हटलं हो. "मग मला आधी का नाही विचारलंस? आमच्या वहीत ते चिन्हच नसतं." आणि पेपर उघडला. पाटीत पुन्हा त्यांनी हिशेब केला नाही, मीही आग्रह केला नाही.

भाचीला फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की ब = अ च्या ऐवजी अ ची कॉपी घे. रात्री तिचा मेसेज आला. "मामा, झालं! थँक्यू. पण यादीच्या आत यादी ठेवली तर आतली अजून बदलतेय. का?"